इंजिनाचा ठोका : हेड आणि पिस्टन यांची जोडी

मूल रडूं लागलें कीं घरांतील आजीबाई त्या रडण्याच्या सुरावरूनच तें भुकेनें रडतें कीं पोट दुखून रडतें हें ओळखतात. यंत्राचेंही तसेंच आहे. तें आपली व्यथा आवाजानें सांगत असतें. तिचा अर्थ लावणारा कान मात्र हवा. सुशिक्षित कुटुंबांतून आज मोटार, फटफटी, पाण्याचें इंजिन हीं घरच्या माणसांसारखीं वावरतात. पण त्यांपैकीं एखादें ठोके देऊं लागलें, कीं आपण तेल बदलतों, इंधन विकणाऱ्यास दोष देतों, आणि अखेर जो कोणी सल्ला देईल त्याच्या हवालीं यंत्र करून मोकळे होतों. या ठोक्याचें मूळ पुष्कळ वेळां इंधनांत नसतें. सिलिंडरचें झांकण म्हणजे हेड, आणि आंत वरखालीं होणारा पिस्टन, या दोघांच्या बिघडलेल्या जोडींत तें असतें. ही गोष्ट आम्हांस एका प्रत्यक्ष प्रसंगानें शिकविली. तो प्रसंग सांगून त्यामागील शास्त्र वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जानेफळचा गहूं

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत जानेफळ हें गांव आहे. जमीन काळी, खरिपांत सोयाबीन व तूर, आणि ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याला रब्बींत गहूं-हरभरा. आमच्या एका आप्तांचें एकत्र कुटुंब तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलें आहे. विहिरीवर विजेचा पंप आहे. परंतु पिकाला पाणी हवें तेव्हां वीज असेलच, असा भरंवसा नाहीं. म्हणून घरच्या वडील काकांनीं जुनें डिझेल इंजिन मोडींत न घालतां जपून ठेविलें आहे. त्यांच्या लहानपणीं याच विहिरीवर मोट चालत असे. मोटेच्या चाकाची कुरकुर ज्या कानांनीं ऐकली, त्याच कानांना पुढें इंजिनाचा संथ ठेका इतका सवयीचा झाला, कीं ओसरीवर बसून ते इंजिनावर ओझें किती आहे हें सांगत.

एका वर्षीं दिवाळीनंतर हें इंजिन शहरांतील एका दुरुस्तीच्या दुकानीं धाडलें. नवा पिस्टन, नवा लायनर, हेडला फेस मारलेला, वर ताजा रंग, असें नटूनथटून तें परत आलें. पौषांत गहूं पोटरींत आला, नेमकी त्याच आठवड्यांत वीज रुसली, आणि पहांटे इंजिन लावण्यास मंडळी विहिरीवर गेली. तिघां तरण्याताठ्या माणसांनीं आळीपाळीनें हँडल फिरविलें, तरी तें धरीना. पांढऱ्या धुराचे लोट निघाले. शेवटीं एकदां चालू झालें तें घणाचे घाव घातल्यासारखे ठोके देतच. काकांनीं तें ताबडतोब बंद करविलें.

मग घरांत मसलत झाली. एकानें डिझेलमध्यें भेसळ असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्या पंपावरून डिझेल आणलें. दुसऱ्यानें नोझल बदलविलें. तिसऱ्यानें पंपाचें टायमिंग मागेंपुढें करून पाहिलें. ठोका कायमच. चार दिवस असे गेले, आणि गव्हाचे शेंडे दुपारीं माना टाकूं लागले. त्या वेळीं काकूंनीं माजघरांतून जें म्हटलें, तें आम्ही विसरलों नाहीं. त्या म्हणाल्या, “दुरुस्तीच्या आधीं तें असें ओरडत नव्हतें ना? मग दुरुस्तींत काय बदललें, तें आधीं पाहा.” कोणत्याही शास्त्रीय शोधाची पहिली पायरी याहून निराळी नसते.

दुसऱ्या दिवशीं पंचक्रोशींतील एका म्हाताऱ्या मिस्त्रीस बोलावणें गेलें. त्यानें इंजिन एकदां फिरवून पाहिलें, हेड उतरविलें, आणि हेडखालीं एकाऐवजीं दोन गॅस्केटें निघालेलीं पाहून मान हलविली. “इंजन बिमार नाही मालक,” तो म्हणाला, “त्याच्या डोक्शात जागा जास्त झाली.”

जागेचा हिशेब

‘डोक्यांत जागा जास्त झाली’ म्हणजे काय, हें समजण्यास थोडें गणित लागतें. तें मॅट्रिकच्या मुलासही झेपण्यासारखें आहे. पिस्टन अगदीं खालीं असतां त्याच्यावर जितकी हवा मावते, आणि तो अगदीं वर आला असतां जितकी जागा उरते, त्यांच्या गुणोत्तरास दाबाचें प्रमाण म्हणतात.

पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिचें ए. व्ही. १ हें एका सिलिंडरचें इंजिन आपल्या शेतकऱ्यांच्या आणि महाविद्यालयांतील प्रयोगशाळांच्याही चांगल्या परिचयाचें आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धांव ११० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन एका धांवेंत ५५३ घनसेंटिमीटर जागा मोकळी करतो. दाबाचें प्रमाण १६.५ आहे. यावरून वर उरणारी जागा काढली, तर ५५३ ला १५.५ नें भागून ती सुमारें ३५.७ घनसेंटिमीटर येते. केवढी ही जागा? पूजेच्या आठ-दहा पळ्या पाणी मावेल एवढी! एवढ्याशा जागेंत सिलिंडरभर हवा कोंबली जाते, म्हणून तिची उष्णता पांचशे अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाते, आणि त्या तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा पडतांच काडी न लावतां पेट घेतो.

आतां हेडखालीं एक मिलिमीटर जाडीचें जास्त गॅस्केट घातलें असें समजा. ८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें ५०.३ चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मिलिमीटर उंची वाढली, म्हणजे पांच घनसेंटिमीटर जागा वाढली. वरची जागा ३५.७ ची ४०.७ झाली, आणि दाबाचें प्रमाण १६.५ वरून १४.६ वर उतरलें. नखाच्या जाडीएवढ्या पत्र्यानें केवढा फरक पडला पाहा! नवा पिस्टन मूळच्याहून मिलिमीटरभर बुटका निघाला, तरी परिणाम हाच; आणि दोन्ही चुका एकत्र आल्या तर विचारावयासच नको. पौषांतील पहांटे सिलिंडरची भिंत गार, हँडलानें मिळणारी गति मंद. आधींच कमी तापणारी हवा डिझेल पेटण्याइतकी तापेना. पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेलच होतें.

दोन ठोके, दोन कारणें

पण मग ठोका कां? दाब कमी झाला, तर इंजिन हळू चालावें. घण कां घालावा? याचें उत्तर स्वयंपाकघरांत आहे. गॅसच्या शेगडीची कळ फिरविली आणि काडी ओढण्यास उशीर झाला, तर ‘भप्‌’ असा भडका उडतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. वेळेवर काडी लावली असती, तर जितका वायु येतो तितकाच शांतपणें जळत राहिला असता. डिझेल इंजिनांत अगदीं हेंच घडतें. हवा पुरेशी तापलेली नसली, कीं फवारा पडतो पण पेटत नाहीं. तेवढ्या अवधींत आणखी डिझेल येऊन सांठतें. आणि मग सर्व एकदम पेटून पिस्टनच्या माथ्यावर तडाखा बसतो. म्हणून डिझेलचा ठोका हा जळण्याच्या आरंभींचा ठोका होय, आणि त्याचें मूळ इंधनाच्या आळसांत आहे.

पेट्रोलच्या इंजिनाची तऱ्हा नेमकी उलट. तेथें पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण आधींच तयार असतें. प्लगच्या ठिणगीनें एका टोंकास तें पेटतें आणि ज्योत पसरत जाते. गवताच्या गंजीस एका बाजूनें आग लागली असतां, आंच लागून दुसरी बाजू ज्योत पोंचण्यापूर्वींच भडकावी, तसें दूरच्या कोपऱ्यांतील मिश्रण दाबानें व उष्णतेनें आपोआप पेटतें. त्या धक्क्यानें सिलिंडरच्या भिंती घणघणतात. हा जळण्याच्या शेवटचा ठोका, आणि त्याचें मूळ इंधनाच्या उतावळेपणांत आहे. म्हणूनच पेट्रोलची प्रत ऑक्टेन-अंकानें, म्हणजे आपोआप न पेटण्याच्या गुणानें मोजतात; आणि डिझेलची सीटेन-अंकानें, म्हणजे झटकन पेटण्याच्या गुणानें. एकाचा सद्‌गुण तो दुसऱ्याचा दुर्गुण होय. डिझेल इंजिनांत दाब कमी झाल्यानें ठोका वाढतो. पेट्रोल इंजिनांत दाब जास्त झाल्यानें वाढतो. हा भेद ध्यानांत न घेतां एका इंजिनाचें औषध दुसऱ्यास देणें म्हणजे आगींतून फुफाट्यांत जाणें होय.

पुतण्याची बुलेट

याचा पडताळा त्याच घरांत मिळाला. काकांच्या पुतण्याजवळ जुनी बुलेट फटफटी आहे. ती अधिक तेज पळावी म्हणून त्यानें मित्रांच्या सांगण्यावरून उंच माथ्याचा पिस्टन बसविला आणि हेडही तासून घेतलें. सपाटीवर गाडी खरोखरच तेज झाली. पण बुलढाण्याहून मलकापुराकडे जातांना लागणारा राजूर घाट परतीच्या वाटेंत चढतांना, डब्यांत खडे हलवावे तसा आवाज येऊं लागला. त्यानें तो मनावर घेतला नाहीं. दोन-तीन महिन्यांत पिस्टनच्या कडेस उंदरानें कुरतडल्यासारखे खड्डे पडले, आणि रिंगांमधील कड तुटून सिलिंडरवर ओरखडे उठले.

हिशेब करूनच पाहूं. या जातीच्या ३५० बुलेटचा व्यास ७० आणि धांव ९० मिलिमीटर; म्हणजे ३४६ घनसेंटिमीटर. वरची जागा समजा ५८ आहे. तर दाबाचें प्रमाण सुमारें ७. हेड दीड मिलिमीटर तासलें, कीं सुमारें ५.८ घनसेंटिमीटर जागा गेली, प्रमाण ७.६ झालें. पिस्टनच्या वाढीव माथ्यानें आणखी ८ घनसेंटिमीटर व्यापलीं, प्रमाण ८.८ वर गेलें. दोन्ही बदल निरनिराळे कदाचित्‌ खपले असते. परंतु एकानें काय केलें हें दुसऱ्यास न विचारतां दोन्ही एकत्र आले, आणि जुन्या घडणीचें, हवेनें थंड होणारें इंजिन तें सोसूं शकलें नाहीं. एकत्र कुटुंबांत दोन कर्त्या माणसांनीं एकमेकांस न पुसतां खर्च केला, म्हणजे जें होतें तेंच येथें झालें.

दाब वाढविण्याचा मोह मात्र सर्वस्वीं खोटा नाहीं. शास्त्रीय हिशेबानें दाबाचें प्रमाण ६ असतां आदर्श इंजिन उष्णतेपैकीं शेंकडा ५१ भाग कामांत आणूं शकतें. प्रमाण ९ केलें तर शेंकडा ५८. प्रत्यक्षांत आंकडे याहून बरेच कमी येतात, पण ओढा तोच राहतो. म्हणून गेलीं शंभर वर्षें इंजिन घडविणारांची सारी धडपड एकच आहे : दाब वाढवावा, पण ठोका येऊं देऊं नये.

औषध कीं घडण?

या धडपडींत दोन वाटा निघाल्या, आणि त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेंत थॉमस मिजली यांनीं १९२१ च्या डिसेंबरांत असें शोधून काढलें, कीं पेट्रोलमध्यें शिशाचा एक संयुक्त पदार्थ अल्प प्रमाणांत मिसळला असतां ठोका नाहींसा होतो. औषध रामबाण ठरलें. पण तें विष होतें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत हा पदार्थ तयार करतांना पांच कामगार भ्रम होऊन मरण पावले. तरीही तो जगभर पसरला. मोटारींच्या धुरांतून तें शिसें हवेंत, मातींत आणि लहान मुलांच्या रक्तांत गेलें, आणि त्यानें मुलांच्या बुद्धीची हानि होते हें पुढें निर्विवाद सिद्ध झालें. भारतांत शिसें घातलेल्या पेट्रोलची विक्री २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झाली. जगांतील अखेरचा देश अल्जीरिया यानें मोटारींसाठीं तें २०२१ सालीं थांबविलें.

दुसरी वाट इंग्लंडांत सर हॅरी रिकार्डो यांनीं धरली. त्यांनीं इंधनाऐवजीं जागेच्या आकाराकडे पाहिलें. १९१९ च्या सुमारास त्यांनीं असें हेड योजिलें, कीं ज्याचा कांहीं भाग पिस्टनच्या अगदीं निकट येतो. पिस्टन वर आला कीं त्या फटींतील मिश्रण चिमटून जोरानें मुख्य कोष्ठांत फेंकलें जातें. तेथें घुसळण होऊन ज्योत झपाट्यानें पसरते. आणि त्या फटींत उरलेला थर दोन्हींकडून थंड धातूच्या सहवासांत असल्यामुळें आपोआप पेटत नाहीं. विष नाहीं, जास्त खर्च नाहीं. केवळ हेड व पिस्टन यांची नीट जुळणी! जेथें ज्योतीस जावयाचें अंतर लांब, तेथें तें तोडणें हाही एक मार्ग आहे. पुण्याच्या बजाज कंपनीनें २००३ मध्यें पल्सरला एका सिलिंडरास दोन प्लग दिले, त्यांत हेंच तत्त्व होतें.

येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानीं घेतली पाहिजे. ज्या हेडास अशी निकट येणारी सपाट कड असते, त्याचा दाब कमी करावयाचा म्हणून कोणी जाड गॅस्केट घातलें, तर दाब उतरतो खरा; पण ती फटही रुंदावते. घुसळण मंदावते, फटींतील थर थंड राहत नाहीं, आणि कमी दाबावरही ठोका राहूं शकतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ती गत. खरा उपाय म्हणजे फट जशीच्या तशी ठेवून, मध्यभागीं खोलगट असलेला योग्य पिस्टन घालणें. डिझेल इंजिनांतही तेंच. तेथें जळण्याची वाटी बहुधा पिस्टनच्या माथ्यांतच कोरलेली असते. हेड व पिस्टन यांमधील फटींत अडकलेली हवा फवाऱ्याच्या फारशी उपयोगीं पडत नाहीं. म्हणून ती फट जेवढी नेमून दिली असेल तेवढीच हवी.

आज पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलें जातें. शेंकडा २० भागांचें उद्दिष्ट भारतानें २०२५ सालीं गांठलें. इथेनॉलचा ऑक्टेन-अंक मोठा असल्यामुळें साध्या ९१ अंकाच्या पेट्रोलच्या मानानें या मिश्रणाचा अंक ९५ च्या आसपास जातो. ठोक्यापुरतें बोलावयाचें तर हें हिताचेंच. पण चांगलें इंधन म्हणजे चुकलेल्या जोडीस माफी नव्हे.

घरच्या कर्त्यांनीं काय पाहावें?

प्रत्येकानें हातांत पाना घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दुरुस्तीस यंत्र देतांना कांहीं प्रश्न विचारणें हें प्रत्येक कर्त्या माणसाचें काम आहे.

पहिलें, नवा पिस्टन आणि जुना पिस्टन शेजारीं ठेवून पाहावे. व्यास जुळला म्हणजे सर्व जुळलें असें नव्हे. पिनेच्या भोंकापासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्याचा उंचवटा किंवा वाटीची खोली हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत.

दुसरें, हेडला फेस मारला असल्यास किती धातु काढला तें लिहून घ्यावें; आणि गॅस्केट एकच, कारखान्यानें सांगितलेल्या जाडीचें असावें. ‘जास्त सुरक्षित’ म्हणून दोन घालणें ही सुरक्षितता नव्हे.

तिसरें, फट मोजावी. मऊ शिशाच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या माथ्यावर, पिनेच्या रेषेंत दोन्ही बाजूंस, वंगणानें चिकटवून हेड नीट आंवळावें. इंजिन हातानें एक फेरा फिरवावें. हेड काढून चेपलेल्या तारेची जाडी मोजावी. ही जाडी पुस्तिकेंतील मापाशीं ताडून पाहावी. फटफटीच्या बाबतींत पिस्टन वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असतां, सुई काढलेल्या पिचकारीनें प्लगच्या भोंकांतून तेल मोजून सोडलें, तर वरची जागा किती आहे हें घरींही कळतें.

चौथें, आंतील काजळी वेळोवेळीं खरवडून काढवावी. तिचा थर जागा व्यापून दाब वाढवितो आणि तापून ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटवितो.

जानेफळास त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनें हीच तारेची परीक्षा केली. फट पुस्तिकेंतील मापापेक्षां मिलिमीटरभर अधिक भरली. एक गॅस्केट काढलें, नवें एकच घातलें, पुन्हां तार चेपून माप जुळविलें, आणि तिसऱ्या प्रहरीं हँडलाचे चार फेरे होतांच इंजिनानें आपला जुना संथ ठेका धरला. काका ओसरीवर बसले होते. त्यांनीं फक्त मान डोलविली. बांधाकडचे दोन वाफे तोंवर करपले होते आणि त्यांतील दाणा त्या वर्षीं चिमला निघाला; बाकीचा गहूं वांचला, आणि घरची वर्षाची बेगमी झाली.

मिस्त्रीनें जातांना काढलेलें जास्तीचें गॅस्केट काकूंच्या हातीं दिलें. तें अद्याप त्यांच्या माजघरांत खुंटीला टांगलेलें आहे. दुरुस्तीहून एखादी वस्तु घरीं परत आली, कीं त्या तिकडे बोट दाखवून विचारतात, “काय बदललें तें विचारलेंत ना?”